परदेशातल्या छोट्या गावात काम शोधायचंय? निघण्याआधी हे बघा

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हापासून करमाडची पोरं मला विचारतात, "सर, दुकान टाकू की जर्मनीला जाऊ?" जर्मनीत कुठे, हे मात्र कुणाला माहीत नसतं. डोक्यात असतं बर्लिन, आणि जायची वेळ येते तेव्हा गाव निघतं आपल्या करमाडसारखं.

म्हणून घाबरू नका. कुन्झेल्साउ हे असंच गाव, वस्ती जेमतेम 15-16 हजार. तिथे 1945 मध्ये वुर्थ नावाचा स्क्रू विकायचा धंदा सुरू झाला. 1954 मध्ये मालक वारले आणि 19 वर्षांच्या मुलाने, रायनहोल्ड वुर्थने, तो हातात घेतला. आज 80 हजारांच्या वर कामगार आहेत आणि मुख्यालय अजून तिथेच आहे! झाइस कंपनीचं ओबरकोखेन तर याहून लहान. शेंद्र्यात कंपन्या आणि शेजारी आपलं करमाड, तसाच प्रकार.

मग अडतं कुठे? भाषेत. मोठ्या शहरात काही कंपन्यांमध्ये इंग्रजीवर निभतं. छोट्या गावात वर्कशॉपचा मालक, बेकरीवाला, सगळे जर्मनमध्येच बोलणार. ए-वनचं सर्टिफिकेट म्हणजे नमस्कार-चमत्कारापुरतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम असेल तर निदान बी-वन लागतं, नर्सिंगला साधारण बी-टू.

नवऱ्याच्या नोकरीमुळे जाणाऱ्या ताईंनी हे जास्त लक्षात घ्या. नवरा ब्लू कार्डवर असेल तर तुम्हालाही कामाची परवानगी मिळते. पण बी.कॉम. आहे म्हणून लगेच अकाउंट्सची नोकरी मिळेल असं नाही, तिथला टॅक्सच वेगळा. आधी फोल्क्सहोखशुलेमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शिकवणी केंद्रात, भाषेचा क्लास लावा. सोबत एखादा मिनीजॉब धरा (2025 मध्ये त्याची मर्यादा महिना 556 युरो होती). पैसा थोडाच, पण ओळखी होतात. आपण दुकानात पोरगा ठेवताना काय विचारतो? "कुणाचा रे तू?" छोट्या गावात तिकडेही ओळखीला वजन आहे. फुटबॉल क्लबात जा. तिथे गावोगावी अग्निशमन दलसुद्धा गावातले लोक स्वतःहून चालवतात, त्यातही नवीन माणूस चालतो.

आता कागद. शेंद्र्यात कॉन्ट्रॅक्टवर चार-चार वर्षं काम करतात आणि अनुभवाचं पत्र मागत नाहीत! आयटीआयचं सर्टिफिकेट, अनुभवपत्र, पीएफची नोंद, सगळं आजच गोळा करा. आपलं शिक्षण तिकडे मान्य करून घ्यायला हेच लागतं, आणि तिथे बसून ते मागवणं फार अवघड.

पैशाचं स्पष्ट बोलतो. शेत विकून एजंटला लाखो रुपये देऊ नका. परदेशी नोकरी लावणारा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला पाहिजे, आणि त्याला घेता येणारी फी 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. 1 जून 2024 पासून 'चान्सनकार्ट' सुरू झालंय. त्यावर एक वर्ष तिथे राहून काम शोधता येतं आणि आठवड्याला 20 तास पार्टटाइम करता येतं. पण स्वतःच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. 2025 चा हिशोब महिना 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13 हजारांच्या वर. तेवढ्यात करमाडला भरलेलं दुकान उभं राहतं, हा हिशोबही घरी मांडा.

शेवटचं काम आजच करा. पत्रावर ज्या गावाचं नाव आहे ते तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयाच्या, 'बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइट'च्या, साइटवर टाका. तीस किलोमीटरच्या आत तुमच्या ट्रेडची किती कामं निघतात ते मोजा. मग पहाटेच्या शिफ्टला तिथून बस आहे का ते बघा, कारण आपलं लायसन्स तिकडे राहायला गेल्यावर सहाच महिने चालतं.