चिंचोक्यांवरचं एकवीस

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. त्याच आठवड्यात मामेभावाचा फोन आला. "दादा, कायदा आला, पण आमचं व्हायचं ते होऊन गेलं." वेल्ह्याकडची त्यांची जमीन फार्महाउसवाल्याला गेली होती. आलेल्या पैशांतला मुलाचा वाटा मोबाइलवरच्या रमीत संपला. ज्या घरात तो मुलगा वाढला, त्याच घराच्या पडवीत मी पत्ते शिकलो.

कायद्यांचं फार सांगत बसत नाही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली. पुढे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या.

माझी पत्ते खेळण्याची दहा वर्षं मात्र वेगळी होती. मामा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर मुंबई सुटली आणि ते गावी परतले. आम्ही भोरची पोरं गणपतीत नसरापूरमार्गे एसटीने वेल्ह्याला जायचो. भाताची आवणी उरकलेली, बाहेर तोरण्यावरून उतरणारा पाऊस, आत कंदील आणि घोंगडीवर पत्ते. मेंढीकोट सगळ्यांना येई. एकवीस मात्र मामांनी मुंबईच्या खोलीवरून आणलं होतं. बाहेर त्यालाच ब्लॅकजॅक म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. डाव चिंचोक्यांवर. पैशाचं नाव काढलं की मामा पत्ते उचलून ठेवायचे.

चित्राचं पान दहाचं, एक्का एक किंवा अकरा. वाटणाऱ्याचं एक पान उघडं. त्याने सोळापर्यंत पान घ्यायचंच आणि सतरावर थांबायचंच. बावीस झाले की मेला. मामा म्हणत, "तुझं पान बघू नको, त्याचं बघ." समोर पंजी-छक्की उघडी असली, तर तुझे तेरा-चौदा असले तरी गप बस, त्यालाच पान घ्यावं लागणार आणि मरण्याचा धोका त्याचा. समोर सत्ती किंवा तिच्या वरचं पान असेल, तर सोळावरही घे. अकरा झाले की चिंचोके दुप्पट लाव, कारण बावन्नात दहाची सोळा पानं आहेत. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडून दोन डाव कर, कारण दोन अठ्ठ्या म्हणजे सोळा, सगळ्यांत वाईट आकडा. दहाची जोडी फोडायची नाही.

हे सगळं 1956 साली चार अमेरिकनांनी गणिताने मांडलं होतं, हे मी पुढे वाचलं. समोर छक्की असताना वाटणारा शंभरात सुमारे बेचाळीस वेळा मरतो. मामांनी तो आकडा कधी ऐकला नव्हता, पण डाव तोच होता. एक गोष्ट मात्र ते प्रत्येक वेळी बजावायचे: "एवढं सगळं बरोबर खेळलास तरी शेवटी वाटणाराच जिंकतो. आधी तू मरतोस, मग त्याची पाळी. तू मेलास की त्याला खेळावंच लागत नाही." गणितही तेच सांगतं. उत्तम खेळूनही शंभर रुपयांमागे साधारण अर्धा रुपया वाटणाऱ्याकडे जातो. हे सगळे नियम हार कमी करण्याचे आहेत, जिंकण्याचे नाहीत.

मोबाइलवरच्या रमीच्या जाहिरातींनी मामांचं हेच एक वाक्य गिळलं. नट आले, क्रिकेटपटू आले, 'कौशल्याचा खेळ' म्हणून गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, त्याची ढाल पुढे केली गेली. पण त्या क्लबात माणसं समोरासमोर बसत होती. फोनवर समोरचा चेहरा नसतो, रात्र संपत नाही आणि पत्ते उचलून ठेवणारे मामा नसतात. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. मामा गेले. पडवीच्या जागी गाडी लावायची फरशी आहे.

बंदीने पोराचे पैसे परत येणार नाहीत. पण तुमच्या घरात पत्त्यांचा एखादा जोड पडून असेल, तर या गणपतीत तो काढा. पोरांना एकवीस शिकवा, चिंचोक्यांवर. आणि शेवटी कोण जिंकतं, ते त्यांना स्वतः मोजू द्या.