हू शुड सर्व्हाइव्ह?

'हू शुड सर्व्हाइव्ह?' (अर्थ : कोणी जगावे?) हा १९७१ मध्ये प्रदर्शित झालेला अमेरिकन माहितीपट आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या एका नवजात बालकाच्या मृत्यूचे नाट्यरूपांतर आणि त्यामागील निर्णयावरील तज्ज्ञांची चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. जैवनीतिशास्त्राच्या इतिहासात या माहितीपटाचा उल्लेख वारंवार केला जातो.

वैद्यकीय पार्श्वभूमी

जठरानंतरचा लहान आतड्याचा आरंभीचा भाग जन्मतः बंद असल्यास बालकाने प्यालेले दूध पुढे सरकत नाही. उपचार न केल्यास पोषण व पाण्याअभावी बालक दगावते. बंद भागाच्या वरचे व खालचे आतडे शस्त्रक्रियेने जोडता येते. हा दोष डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत तुलनेने अधिक आढळतो. शस्त्रक्रियेने आतड्यातील अडथळा दूर होतो. डाउन सिंड्रोम मात्र कायम राहतो.

आशय

माहितीपटातील कथानक बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील दोन समान घटनांवर आधारित आहे. बालकाचे आईवडील शस्त्रक्रियेस संमती नाकारतात. डॉक्टर तो निर्णय मान्य करतात आणि बालकाचा मृत्यू होतो. हा मृत्यू डाउन सिंड्रोममुळे नव्हे, तर दुरुस्त करता येण्याजोगा दोष तसाच ठेवल्यामुळे ओढवतो. अशा वेळी निर्णयाचा अधिकार आईवडिलांचा, डॉक्टरांचा की न्यायालयाचा, हा माहितीपटातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

निर्मिती व प्रतिसाद

माहितीपटासाठी जोसेफ पी. केनेडी ज्युनियर फाउंडेशनने अर्थसाहाय्य केले. बौद्धिक अक्षमता हे या संस्थेचे प्रमुख कार्यक्षेत्र होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिसंवादात तो दाखवण्यात आला. आईवडिलांचा निर्णय आणि डॉक्टरांची निष्क्रियता यांवर प्रेक्षकांनी मुख्यतः टीका केली. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या क्षमतांविषयीची समज त्या काळात बदलत होती. संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांच्या विकासावर तेथील वातावरणाचा विपरीत परिणाम होतो, हेही अभ्यासांतून पुढे येत होते.

नंतरच्या घडामोडी

१९७३ मध्ये रेमंड डफ व ए. जी. एम. कॅम्पबेल या डॉक्टरांनी येल येथील नवजात विशेष कक्षातील २९९ मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४३ मृत्यू उपचार न देण्याच्या किंवा थांबवण्याच्या निर्णयाशी संबंधित होते. अशा निर्णयांची त्यामुळे जाहीर चर्चा झाली.

१९८२ मध्ये इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे 'बेबी डो' या नावाने ओळखले जाणारे प्रकरण घडले. डाउन सिंड्रोम असलेल्या या बालकाची अन्ननलिका सदोष होती. आईवडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली. राज्यातील न्यायालयांनी हस्तक्षेप केला नाही आणि बालक दगावले. त्यानंतर १९८४ च्या संघीय कायद्यानुसार, अपंग बालकांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार नाकारल्यास दाद घेण्याची व्यवस्था राज्यांच्या बालसंरक्षण यंत्रणेत करण्यात आली. बालक कायमच्या बेशुद्धावस्थेत असल्यास किंवा उपचारांनी केवळ मृत्यू लांबणार असल्यास त्यात अपवाद ठेवण्यात आला.