मोसंबीचा भाव आणि मोबाइल: पाचोडच्या बाजाराची पंचवीस वर्षे

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 52 वर, पैठण तालुक्यात वसलेले पाचोड हे मराठवाड्यातील मोसंबीच्या व्यापाराचे एक महत्त्वाचे ठिकाण आहे. आसपासच्या गावांतील बागायतदार आपला माल येथे आणतात, बोलीने त्याचा प्रतिटन भाव ठरतो आणि फळे ट्रकमधून दिल्लीसारख्या दूरच्या बाजारपेठांकडे रवाना होतात. या व्यवहारातील बहुतेक घटक लहान आहेत: काही एकरांची बाग सांभाळणारे कुटुंब, विक्री घडवून देऊन त्यावर आडत म्हणजे दलाली घेणारा आडत्या, एखाद-दुसऱ्या गाडीचा माल भरणारा व्यापारी. विकसनशील देशांतील अशा लहान व्यावसायिकांना डिजिटल तंत्रज्ञानाच्या आधारे व्यापारात बळ द्यावे, हा विचार 2000 नंतर जगभर रुजला आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने 2016 मध्ये त्यासाठी ‘ई-ट्रेड फॉर ऑल’ हा उपक्रमही सुरू केला. त्या विचाराचे मोल जोखायचे असेल तर पाचोडसारखा बाजार पाहावा, कारण तंत्रज्ञानाने काय बदलते आणि कशाला त्याचा हातही लागत नाही, हे येथे वेगवेगळे दिसू शकते.

मोसंबीचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा हंगाम, पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून तोडणीला येतो, तर जून-जुलैत फुलणारा मृग बहार पुढील उन्हाळ्याच्या तोंडावर उतरतो. हा माल बागायतदार एक तर तोडून बाजारात नेतो किंवा झाडावर असतानाच बाग उक्ती देतो, म्हणजे फळांचा अंदाज बांधून एकरकमी सौदा करतो. उक्त्या सौद्यात खरेदीदाराला दिल्लीचा ताजा भाव ठाऊक असतो आणि बागायतदाराजवळ शेजारपाजारच्या ऐकीव बातम्यांपलीकडे फारसे काही नसते, अशी स्थिती दीर्घकाळ होती. व्यापारातील पहिली असमानता ही अशी माहितीची होती, आणि सरकारी व खाजगी प्रयत्नांचा पहिला रोखही स्वाभाविकपणे तिच्यावरच राहिला.

बाजार समित्यांचे दैनंदिन भाव एकत्र आणणारे केंद्र शासनाचे ‘ॲगमार्कनेट’ 2000 मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात एका मोठ्या कंपनीने ‘ई-चौपाल’ उभारले आणि 2004 मध्ये किसान कॉल सेंटर आले. रॉयटर्सने 2007 मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा आणली, जिच्यात वर्गणीदार शेतकऱ्याला भाव, हवामान आणि पीकसल्ला मराठी लघुसंदेशांतून मिळत असे. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील 100 गावांत या सेवेची पद्धतशीर चाचणी घेतली, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष उत्साहावर पाणी टाकणारा होता: संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना सरासरीने लक्षणीय जास्त भाव मिळाल्याचे आढळले नाही.

याच्या अगदी उलट अनुभव केरळच्या किनाऱ्यावरचा होता. तेथे 1997 ते 2001 या काळात मोबाइल पोहोचल्यावर मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले, बंदराबंदरांतील भावांची तफावत कमी झाली आणि न विकली गेल्याने मासळी फेकून देणे जवळपास थांबले, असे रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये दाखवून दिले. दोन्ही निष्कर्ष खरे मानण्यात विसंगती नाही. मच्छीमाराला भाव कळल्यावर नाव दुसऱ्या बंदराकडे वळवता येत होती. टेम्पोभर मोसंबी घेऊन बोलीसमोर उभ्या असलेल्या बागायतदाराला दिल्लीचा भाव कळला, तरी दिल्ली गाठता येत नाही. त्याला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठता येते, पण त्यासाठी पुन्हा भाडे, पुन्हा हमाली आणि तोडलेल्या फळाचा आणखी एक दिवस खर्ची पडतो. माहितीचा उपयोग निवड करण्याची मोकळीक असेल तेवढाच होतो, आणि म्हणूनच भावाच्या संदेशाचे खरे बळ बाजाराच्या आवारापेक्षा बागेतल्या उक्त्या सौद्यात असावे, जेथे फळ अजून झाडावर असते आणि बागायतदार नकार देऊ शकतो.

2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्या काळात टँकरचे पाणी हाच बागायतदाराचा प्रश्न होता, भाव नव्हे.

व्यापाराची घडी बदलणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यानंतर 2016 या एकाच वर्षात घडल्या. 14 एप्रिल रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ‘ई-नाम’, 8 राज्यांतील 21 बाजारांपासून सुरू झाला आणि मे 2020 पर्यंत त्याला 1000 बाजार जोडले गेले. जुलैमध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करून आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. यूपीआय ही बँक खात्यातून मोबाइलद्वारे तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था त्याच वर्षी अवतरली, आणि सप्टेंबरपासून मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला. यांपैकी ‘ई-नाम’ची रचना खास शेतमालाच्या व्यापारासाठी झाली होती, तरी लहान व्यापाऱ्याच्या हाती सर्वांत आधी आणि सर्वांत सहज रुळले ते व्हॉट्सॲप आणि यूपीआय, जे शेतमालासाठी कोणी योजलेच नव्हते. बागेचा फोटो, गाडीचा क्रमांक, वजनाची पावती आणि पैसे जमा झाल्याचा संदेश हे सारे एकाच यंत्रावर आले, आणि दूरच्या आडत्याशी होणाऱ्या तोंडी व्यवहाराला लेखी माग मिळण्याची सोय झाली. 2020 च्या टाळेबंदीत मृग बहाराचा माल बाजारात असताना वाहतूक अडली, तेव्हा राज्यभरातील शेतकरी गटांनी याच साधनांच्या बळावर शहरांतील गृहसंकुलांत थेट फळे पोहोचवली. ही विक्री पुढे सगळीकडे टिकली नाही, पण मागणी नोंदवून माल तोडण्याची सवय काही गटांना त्यातून लागली.

फोटो मात्र फळाचा रस सांगत नाही. मोसंबीचा भाव आकार, सालीचा रंग, रसाचे प्रमाण आणि मंगूचे डाग, म्हणजे कोळ्यांच्या प्रादुर्भावाने सालीवर पडणारा तपकिरी थर, यांवर ठरतो, आणि ही पारख आजही माल समोर पाहूनच होते. ‘ई-नाम’वर दूरचा खरेदीदार बोली लावील, ही अपेक्षा फळांच्या बाबतीत अवघड ठरते ती याच ठिकाणी, कारण मालाचे प्रमाणित वर्णन करणारी तपासणी आणि प्रतवारी, म्हणजे आकार व गुणानुसार वर्गवारी, जोवर विश्वासार्ह नसते तोवर पडद्यावरची बोली अंधारातली राहते. वजनातून केल्या जाणाऱ्या कडत्याचेही तसेच आहे: इलेक्ट्रॉनिक काटा अचूक आकडा दाखवतो, पण त्यातून किती किलो वजा करायचे हे बाजारातील जुन्या प्रथेवर आणि दोन बाजूंच्या ताकदीवर ठरत असेल, तर काट्याची अचूकता बागायतदाराच्या खिशापर्यंत पोहोचत नाही. प्रतवारीचे यंत्र आणि शीतगृह एकट्या लहान बागायतदाराला परवडत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने 10,000 शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली आणि राज्यात जागतिक बँकेच्या साह्याने ‘स्मार्ट’ प्रकल्प आला, तो अशी सामायिक साधने उभी राहावीत यासाठीच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्या नावाचा भाव दूरच्या ग्राहकाकडून वसूल करायचा तर पेटीत काय आहे हे पेटी उघडण्यापूर्वी छातीठोकपणे सांगणारी यंत्रणा तोडणीच्या जागेजवळच, पाचोडसारख्या गावात, असावी लागेल.