जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

आमच्या धर्मग्रामातील एक आजी लघवीच्या जळजळीने आजारी पडल्या. पहिल्या खेपेस मुलाने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. तीन दिवसांत बरे वाटले, उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. दोन महिन्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच डब्यातल्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या खेपेस मात्र थंडी वाजून ताप भरला आणि त्या गोळ्यांनी काहीच होईना. तेव्हा त्यांना हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे लघवी तपासायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी एक कागद हाती पडला. डाव्या बाजूला चौदा औषधांची नावे, प्रत्येकापुढे एकेक इंग्रजी अक्षर : 'एस' किंवा 'आर'. चौदांपैकी दहांपुढे 'आर' होते. मुलगा तो कागद घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, आईच्या अंगाला औषधांची सवय झाली म्हणायची का?"

हा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी विचारला आहे, म्हणून या वेळच्या पानावर त्याचेच उत्तर देत आहोत. अंगाला सवय होत नाही. बदलतो तो जंतू. 'आर' म्हणजे आजींच्या पोटातील वा लघवीतील त्या विशिष्ट जंतूवर ते औषध चालत नाही, आणि 'एस' म्हणजे चालते. तोच जंतू उद्या नातवाच्या अंगात गेला, तर नातवाने जन्मात एकही गोळी खाल्लेली नसली तरी त्याच्या कागदावरही तेच दहा 'आर' उमटतील.

जंतू कसे वाढतात हे आपल्या घरातल्या बायका रोज रात्री पाहतात. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी पातेलेभर दही होते. चमच्यातले जंतू एकाचे दोन, दोनाचे चार असे दुभंगत जातात. आजींच्या लघवीत जो जंतू निघाला तो ई. कोलाय नावाचा, आपल्या सर्वांच्या आतड्यांत राहणारा. त्याला ऊब आणि अन्न भरपूर मिळाले तर तो सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. आता हिशोब करा. एका जंतूपासून दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे १०७ कोटींच्या वर! प्रत्यक्षात अन्न संपते, आंबटपणा वाढतो आणि वाढ थांबते. दही एका मर्यादेपलीकडे आंबत नाही ते यामुळेच. पण रात्री बरा असलेला माणूस सकाळी तापाने फणफणतो कसा, हे या हिशोबावरून ध्यानात यावे.

लघवीचा नमुना सकाळी बाटलीत घेऊन, बसने फिरत फिरत दुपारी दवाखान्यात दिला, तर बाटलीतच जंतूंची शेती पिकते आणि तपासणी खोटी ठरते. नमुना दोन तासांच्या आत पोचवावा, आणि औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. आधी गोळी घेतली तर जंतू अर्धमेले होतात, उगवत नाहीत, आणि कागदावर काही निघत नाही. सर्वच जंतू असे घाईचे नसतात. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो. त्याची पेरणी उगवायला कित्येक आठवडे लागतात, आणि उपचारही महिनोन्‌महिने चालतो.

'पेरणी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. प्रयोगशाळेत जंतू ओळखायचा म्हणजे आधी तो पेरून उगवावा लागतो, आणि या विद्येशी आपल्या हुबळीचा जुना संबंध आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबरात डॉ. हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील थोड्याशा जागेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची लागवड सुरू केली. ते मांसरसाने भरलेल्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत सोडत. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि ओसरीच्या छपरातून जळमटे लोंबावीत तसे रसात खाली लोंबत. चंबू जरा हलला की ती जळमटे तुटून तळाशी बसत व वर नवी फुटत. दुसरे जंतू सहसा असे लोंबत नसल्याने जंतू प्लेगचाच आहे की नाही, हेही त्यावरून कळे. मग तापवून हे जंतू मारायचे व त्यांचीच लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे प्लेग हुबळीत पसरला आणि १८९८ साली येथील बहुसंख्य लोकांनी ही लस टोचून घेतली. हाफकिनच्या लशीची एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसोटी लागलेल्या आरंभीच्या शहरांत हुबळीचे नाव येते. त्या वेळी लस हाच आधार होता. एकदा गाठ उठली की देण्यासारखे औषध जगात कोणाजवळ नव्हते.

आज पेरणी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत होते. ताटलीत समुद्री शेवाळापासून केलेला घट्ट रस असतो. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो आणि ज्याची मिठाई करतो, तीच ही वस्तू. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ती प्रथम आली ती फानी हेस नावाच्या एका गृहिणीच्या सुचवण्यावरून, १८८१-८२ च्या सुमारास. तिच्या मुरंब्यात ती असे! ताटलीवर नमुना पसरून रात्रभर उबेत ठेवला की जंतूंचे ठिपके उगवतात. त्यांचा रंग, वास, ते कोणती साखर खातात, ग्राम यांच्या पद्धतीने रंगवल्यावर जांभळे दिसतात की गुलाबी, यांवरून जात ठरते. मग दुसऱ्या ताटलीवर तोच जंतू दाट पेरून वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. जेथे औषध चालते तेथे टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडते. जेथे चालत नाही तेथे जंतू टिकलीला भिडून उगवतो. रिंगण मोजून 'एस' की 'आर' लिहायचे. एक दिवस उगवायला, एक दिवस टिकल्यांना, म्हणून तिसरा दिवस. पुष्कळजण "इतका वेळ कशाला?" म्हणून चिडतात, कारण हे असे आहे.

आता जंतू औषधाला पुरून उरतो तो कसा? आमच्या शेतकरी बांधवांना हे समजावणे खरे तर सोपे आहे. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. बीटी बियाणे आले तेव्हा अळी मरत होती. कोट्यवधी अळ्यांत एखादी जन्मतःच न मरणारी होती, तीच उरली, तिचीच पिले वाढली. अळी काही शिकली नाही. विषाने बाकीच्यांना काढले आणि रान तिच्यासाठी मोकळे केले. जंतूंचे तसेच आहे, फक्त त्यांची पिढी वीस मिनिटांची. कोणी औषध फोडून टाकणारा रस तयार करतो, कोणी आत आलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकतो, कोणी औषध जेथे जाऊन चिकटते ती जागाच बदलून टाकतो. पेनिसिलीन फोडणारा रस तर १९४० सालीच सापडला होता, सामान्य रोग्याच्या हाती पेनिसिलीन पडण्याच्याही आधी.

येथपर्यंत अळी आणि जंतू सारखे. पुढे मात्र मोठा फरक आहे, आणि आमच्या मते या सबंध विषयातील तीच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अळी आपला गुण फक्त आपल्या पिलांना देते. जंतू तो शेजाऱ्यालाही देतो. हा गुण पुष्कळदा एका लहानशा कड्यावर लिहिलेला असतो आणि जंतू त्या कड्याची नक्कल करून दुसऱ्या जंतूच्या हाती देतो, तोही दुसऱ्याच जातीच्या. आतड्यातला निरुपद्रवी जंतू हगवणीच्या जंतूला असा गुण देतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवले. एका कड्यावर चारपाच औषधांविरुद्धचे गुण एकत्र असू शकतात, म्हणून कधी न घेतलेल्या औषधापुढेही 'आर' येतो.

याचे उदाहरण पुन्हा प्लेगचेच घेऊ. १९४३ साली अमेरिकेत शेतातील मातीत राहणाऱ्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. क्षयावर ते पहिले खरे औषध ठरले, आणि ज्या प्लेगपुढे हुबळीकर हतबल होते त्याच्यावरही लागू पडले. पुढे टेट्रासायक्लीन आले. १९९४ साली सुरतेत प्लेगची घबराट झाली तेव्हा लोकांनी दुकानांतून त्याच्याच गोळ्या उचलल्या. आणि १९९५ साली मादागास्कर बेटावर एका सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगात असा प्लेगचा जंतू सापडला, की ज्याच्यावर स्ट्रेप्टोमायसीनही चालेना आणि टेट्रासायक्लीनही. मुलगा सुदैवाने वाचला. त्या जंतूजवळ बाहेरून मिळालेले कडे होते. तशाच घडणीची कडी पुढे अमेरिकेत बाजारातील मांसावरच्या साध्या जंतूंत आढळली.

ही दोन्ही औषधे आमच्या कित्येक वाचकांच्या शेतघरात आहेत. डाळिंबावर तेल्या आला की पंपात जी सहा ग्रॅमची पुडी टाकतात, तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसीन आणि दहा टक्के टेट्रासायक्लीन असते. तेल्या हा जंतूचाच रोग, म्हणून ती पुडी निघाली, आणि एकेकाळी उपयोगीही पडली. पण फवारा काही तेल्याच्याच जंतूवर पडत नाही. तो मातीवर, पाटाच्या पाण्यावर, फवारणाऱ्याच्या हातावर पडतो आणि तेथल्या असंख्य जंतूंतून पुरून उरणारे तेवढे निवडून ठेवतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ही जोडी शेतीतून १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच कारणाने. कोंबड्यांचेही तसेच. कॉलिस्टिन हे औषध इतर सारे हरल्यावर अतिदक्षता विभागात माणसाला देतात. तेच कोंबडीच्या खाद्यात वजन वाढावे म्हणून घालत. त्याला न जुमानण्याचा गुणही कड्यावरून पसरतो हे चीनमध्ये २०१५ साली दिसले, आणि जुलै २०१९ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी व कोंबड्यांसाठी त्याची विक्री बंद झाली.

तेल्याचे मग काय करावे? पावसाचे थेंब आणि छाटणीची कात्री हे त्याचे दोन मुख्य वाहक. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री जंतुनाशक पाण्यात बुडवावी, रोगट फांद्या व फळे बागेबाहेर नेऊन जाळावीत, छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी) फवारावे, रोपे निरोगी बागेतूनच घ्यावीत, आणि जेथे पाणी पुरते तेथे ऐन पावसाळ्यातला मृग बहार टाळावा. तांब्यालाही जंतू कधीकधी दाद देत नाहीत, तेव्हा बोर्डोचाही मारा नको. यात कष्ट पुडीपेक्षा जास्त आहेत, हे आम्ही नाकारत नाही.

गोठ्यात म्हशीची कास सुजली की सडात ट्यूब सोडतात. त्यानंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध वेगळे काढून ओतून द्यावे लागते. डेअरीला घालायचे नाही, आणि वासरालाही पाजायचे नाही. एका बाईंनी आम्हांस सांगितले की विरजण दोनदा घातले तरी दूध तसेच राहिले, कोणाची नजर लागली असेल. आम्ही विचारले, म्हशीला औषध दिले होते काय? दिले होते. दुधात उतरलेल्या औषधाने विरजणातले जंतूच मारले होते. मात्र दही लागले म्हणून दूध निर्धोक, असे उलट समजू नये. थोडे औषध असूनही दही लागते.

घरातल्या माणसांविषयी थोडक्यात. सर्दी-पडसे हे बहुधा विषाणूंचे काम, त्यांवर या गोळ्या चालतच नाहीत. पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे औषध नव्हे. किती दिवस घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. पूर्वीपेक्षा आता काही रोगांत कमी दिवस पुरतात. पण ते आपल्या मनाने ठरवायचे नाही, आणि क्षयात तर एकही दिवस चुकवायचा नाही. उरलेली गोळी शेजारणीला देऊ नये.

त्या आजींना 'एस' असलेल्या चारांपैकी एक औषध मिळाले. ते पोटातून घ्यायचे नव्हते, शिरेतून द्यायचे होते. सात दिवस दवाखान्यात काढावे लागले, मुलाला ऐन खुरपणीत दोन गडी जास्त लावावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. ते दहा 'आर' त्यांच्या डब्यातल्या गोळ्यांनी आले, पाण्यातून आले, की आणखी कोठून, हे कोणालाच सांगता येणार नाही. मुलाने डबा रिकामा करून गोळ्या आमच्याकडे आणल्या आणि विचारले, ओढ्यात टाकू का? आम्ही म्हटले, ओढ्यात नको, विहिरीत नको, उकिरड्यावरही नको; पुढच्या वेळी दवाखान्यात जाशील तेव्हा तेथल्या औषधांच्या कचऱ्यात द्यायला ने. तोवर त्या आमच्या टेबलाच्या खणात आहेत.