दिवस मावळायच्या आत

पहाटे पाच. पुणे-बेंगळुरू गाडीवाल्यांना कोगनोळी टोलनाक्यामुळे ठाऊक. आमच्या लेखी हे बस्तीचं, म्हणजे जैन मंदिराचं गाव. दशलक्षण पर्व चालू आहे, यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास गावात आहे आणि आज आमच्याकडे चौका, म्हणजे मुनींच्या आहारासाठीचा शुद्ध स्वयंपाक.

सुरुवात पाण्यापासून. विहिरीचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायचं, कापडावर राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालतं. मग पुन्हा गाळा. धार काढली की दूधही तेवढ्यातच तापवायचं. सासूबाईंना घड्याळ वाचता येत नाही, पण 48 मिनिटं बरोबर कळतात.

सात. बस्तीत अभिषेक. आमच्या दक्षिणेकडच्या रीतीत दूध, दही, उसाचा रस, नारळपाणी असतं. नुसत्या पाण्याचा अभिषेक करणारेही जैन आहेतच. गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, डोळ्यांना लावून घरी. मागायचं मात्र काही नाही. जग कुणी घडवलं नाही, चोवीस तीर्थंकर स्वतः सुटले, वाट दाखवून गेले. आपलं कर्म आपणच फेडायचं. मी तरी मनातल्या मनात पाऊस मागतेच.

दहा. सोवळं नेसून आम्ही दोघं दारात उभे, हातात कलश आणि नारळ. महाराज मनात एखादा नियम धरून निघतात. तो जुळेल त्याच दारी थांबतात, नाही जुळला तर उपवास. दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार. घासात केस निघाला तरी तिथंच थांबायचं. आज ते समोरच्या घरी थांबले. पाच तासांचा स्वयंपाक आमचा, पुण्य त्यांचं! हसू आलं, मग आम्हीही तिकडंच वाढायला गेलो.

बारा ते पाच मळा. आडसाली उसाची भांगलण. जैन म्हणजे पेढीवरचा व्यापारी असं शहरात समजतात; आमच्या भागात तो बहुतेक शेतकरी. खुरप्याखाली जीव मरतात ना, असं पाहुणे विचारतात. मरतात. शास्त्रानं हिंसेचे चार प्रकार केलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून मारणं ही संकल्पी, ती गृहस्थानं सोडायचीच. शेतीतली उद्योगी, ती कमीत कमी करायची. माफ आहे असं कुणी म्हटलेलं नाही. शेती शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनीच, आदिनाथांनी. आणि 1920 मध्ये यरनाळला मुनिदीक्षा घेतलेले आचार्य शांतिसागर इथल्याच भोजच्या पाटलांच्या शेतकरी घरातले. मला तरी पेढीवरच्या अहिंसेपेक्षा बांधावरची अवघड वाटते.

साडेपाच. मळ्यातून पळतच घरी. चातुर्मासात कांदा, लसूण, बटाटा नाही, म्हणून आमटी-भाकरी लवकर होते. सहाला ताटं. पोरगा क्रिकेट सोडून येत नाही, सासूबाई दारातूनच ओरडतात, "अरे, दिवस चालला!" साडेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर आमच्या घरात घास नाही, मोठ्यांना पाणीही नाही.

आठ. आरतीहून परत. उद्या अनंत चतुर्दशी. मला उपवास, सासूबाईंनाही. म्हशींना नाही, म्हणून उद्याची वैरण आजच आणून ठेवली आहे.