नळी काढली, पण भोक बुजेना

श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेत बसवलेली ट्रॅकिओस्टोमीची नळी काढल्यावर गळ्यावरचं भोक बऱ्याच मुलांत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप मिटतं. पण तान्हेपणी बसवलेली नळी वर्षाहून जास्त काळ राहिली, तर बाहेरची त्वचा त्या वाटेने आत उतरून श्वासनलिकेच्या अस्तराला जाऊन मिळते. अशी अस्तर लागलेली वाट मग स्वतःहून बुजत नाही. तिथून कफ पाझरतो, आवाज फुसका येतो, खोकल्याला जोर राहत नाही. पोहणं तर बंदच.

ही वाट शस्त्रक्रियेने बुजवण्याआधी सर्जन सहसा सहा महिने ते वर्षभर थांबतात. पालकांना हा उशीर जाचतो, पण तो योग्यच, कारण ते भोक हीच मुलाची श्वासाची राखीव वाट असू शकते. म्हणून आधी भूल देऊन दुर्बिणीतून श्वासमार्ग तपासतात, काही वेळा झोपेतल्या श्वासाचीही चाचणी करतात.

पद्धती दोन. एकीत ती वाट कापून काढून श्वासनलिका, स्नायू, त्वचा असे थरावर थर शिवतात. वण बारीक राहतो. पण मूल जोरात खोकलं वा रडलं आणि आतला टाका उसवला, तर हवा त्वचेखाली शिरून मान फुगते, क्वचित फुप्फुसाभोवतीही साठते. त्यासाठी बरेच सर्जन जखमेत लहानशी निचरानळी ठेवतात. दुसरीत जखम उघडीच ठेवतात, ती आतून भरत येते. हवा कोंडण्याचा धोका कमी, वण मात्र रुंद. कोणती बरी, यावर एकमत नाही. रात्रभर रुग्णालयात लक्ष ठेवणं दोन्हींत सहसा आलंच.