स्क्रूच्या दाताचा हिशोब

पुणे जिल्ह्यातल्या केडगाव-खुटबाव पट्ट्यात कुणाच्या तोंडात कुठला दात कमी आहे, हे ऊस खाताना कळतं. बत्तिशी शाबूत असलेला माणूस कांडं सुळ्याखाली धरतो आणि एका झटक्यात साल ओढतो. एका बाजूची दाढ गेलेला तेच कांडं गुपचूप दुसऱ्या बाजूला फिरवतो. दोन्हीकडच्या दाढा गेलेला गुऱ्हाळावर आला, की उसाच्या मोळीकडे बघतही नाही. तो काकवीची वाटी पुढे ओढतो. गुळाच्या आणि कांद्याच्या या पट्ट्यात दात पडल्यावर वर्षानुवर्षं दोनच वाटा होत्या: काढती-घालती कवळी, नाहीतर बोळकं. आता लोक तिसरी वाट विचारतात, ‘फिक्स दात’, ‘स्क्रूचा दात’, म्हणजेच इम्प्लांट.

गाडी अडते ती किमतीपाशी. एका दवाखान्यात अठरा हजार सांगतात, दुसऱ्यात पस्तीस, पुण्यात कुठे साठ. मग रात्री ओसरीवर चर्चा रंगते, की यातला लुटणारा कोण. बहुतेक वेळा तिघांनीही खरंच सांगितलेलं असतं. फक्त तिघं तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगत असतात.

इम्प्लांटचा दात तीन तुकड्यांचा असतो. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, साधारण १० मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर जाड, करंगळीच्या पेराहूनही लहान. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दाताच्या आकाराची कॅप. स्वस्त आकडा ऐकू येतो तेव्हा तो पुष्कळदा फक्त स्क्रूचा आणि तो बसवण्याच्या फीचा असतो. जोड आणि कॅप यांचे पैसे तीन-चार महिन्यांनी वेगळे द्यायचे असतात. तोवर स्क्रू हाडात धरलेला असतो आणि माघार घ्यायची सोय उरलेली नसते. म्हणून पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसावा. ‘कॅपसकट, शेवटच्या फेरीपर्यंत एकूण किती?’ असा असावा, आणि उत्तर कागदावर घ्यावं.

मधले तीन-चार महिने कशासाठी, याची गोष्ट स्वीडनमधली आहे. १९५२ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाडानं धातूला परकं मानलंच नव्हतं. ते त्याला घट्ट चिकटून वाढलं होतं. हा उपद्रव नसून उपयोग आहे, हे ब्रोनेमार्क यांनी ओळखलं. १९६५ मध्ये गॉथेनबर्गला योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं, धड चावता-बोलता येत नव्हतं. २००६ मध्ये ते वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते स्क्रू त्यांच्या कामी आले. इतर देशांतल्या दंतवैद्यांचा यावर विश्वास बसायला मात्र १९८२ची टोरोंटोची परिषद यावी लागली. आजही प्रत्येक स्क्रू सशाच्या पायात घडलं त्याच घटनेवर अवलंबून असतो. खालच्या जबड्याचं हाड घट्ट, तिथे साधारण तीन महिने पुरतात. वरच्या जबड्याचं मागचं हाड भुसभुशीत, तिथे चार-सहा महिनेही लागतात.

आता एक हिशोब मांडू. समजा, केडगावच्या एका गृहस्थांची खालची एकच दाढ गेली आहे. पुणे परिसरातले सर्वसाधारण दर धरले, तर जबड्याच्या स्कॅनचे दोन-तीन हजार, स्क्रू आणि तो बसवण्याचे अठरा ते पंचवीस हजार, जोडाचे तीन ते पाच हजार, कॅपचे पाच ते बारा हजार. बेरीज अठ्ठावीस ते पंचेचाळीस हजारांच्या घरात जाते. स्विस किंवा स्वीडिश कंपनीचा स्क्रू घेतला तर साठ-सत्तर हजारही होतात. दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजलेलं असतं आणि हाडाची भर घालावी लागते, तिचे आणखी काही हजार. वरच्या दाढेच्या जागी गालफडातल्या पोकळीचा पडदा उचलावा लागला, तर तो खर्च निराळा.

हे झिजणं फार जणांना माहीत नसतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘पुढच्या सुगीनंतर बघू’ म्हणत चार सुग्या गेल्या, तर दात तेवढाच राहतो आणि बिल वाढतं. दाढ काढायच्या दिवशीच पुढे काय बसवायचं याचं बोलणं झालं, तर पुष्कळदा हाडाची भर टळते.

स्कॅनचे पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. स्क्रू तिला लागला, तर ओठ आणि हनुवटी महिनोन्‌महिने, क्वचित कायमची बधिर राहते. सीबीसीटी नावाच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये त्या नसेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजता येतं. एकूण खर्चाच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे.

डॉक्टरांची फी नेमकी कशाची, हे स्क्रू बसवण्याच्या पाऊण तासात कळतं. भूल देऊन हिरडी उघडतात, हाडात आधी बारीक, मग क्रमानं जाड गिरमिटं चालवतात, तीही मंद गतीनं आणि मिठाच्या पाण्याची धार सतत सोडत. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं, तरी तिथल्या पेशी मरू लागतात, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. शेवटी स्क्रू पिळायला खुणा असलेला छोटासा पाना असतो. तो ठरावीक ताण दाखवतो, आणि त्यावर डॉक्टर ठरवतात, की हाडानं आत्ताच किती पकड घेतली आहे. घाई, बोथट गिरमिट किंवा अपुरं पाणी यांचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. दोन महिन्यांनी स्क्रू हलायला लागला, की कळतो.

कंपनीबद्दल खूप बोललं जातं. स्वित्झर्लंडची स्ट्राउमन आणि स्वीडनमध्ये सुरू झालेली नोबेल बायोकेअर ही महागडी, जुनी नावं. कोरियाच्या ऑस्टेम आणि डेंटियम मधल्या दरात मिळतात. भारतीय कंपन्याही आहेत. धातू सगळीकडे जवळपास तोच. फरक असतो स्क्रूच्या पृष्ठभागावरच्या प्रक्रियेत, जोडाच्या नेमकेपणात आणि वर्षानुवर्षं झालेल्या अभ्यासात. एका दाढेसाठी कर्ज काढून सगळ्यात महागाचा स्क्रू घ्यावा, असं नाही. चांगल्या हातानं बसवलेला मधल्या दराचा स्क्रू बहुतेकांना पुरतो. भीती बाळगावी ती नाव कुणालाच ठाऊक नसलेल्या कंपनीची. दहा वर्षांनी जोडाचा स्क्रू ढिला झाला आणि त्या मापाचा भाग बाजारात मिळेना, तर चांगला रुजलेला इम्प्लांटही निकामी होतो. स्क्रूच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच नंबर छापलेलं चिकटपट्टीचं लेबल असतं. ते आपल्या फाइलमध्ये लावून मागावं. यासाठी कुणी पैसे घेत नाही, आणि मागितल्याशिवाय पुष्कळदा मिळत नाही.

कॅपचं थोडक्यात. धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त, पण वरच्या थराचा कधीकधी टवका उडतो. झिरकोनियाची महाग आणि मजबूत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्क्रूनं बसवणार की सिमेंटनं. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला, तर तिथे सूज धरते आणि हाड खात जाते. स्क्रूनं बसवलेली कॅप उघडून साफ करता येते, दुरुस्तही करता येते. जमत असेल तिथे तीच मागावी.

पण इम्प्लांटच हवा, असं कुठे आहे? शेजारचे दोन्ही दात आधीच किडलेले असतील किंवा त्यांना रूट कॅनाल करून कॅप लागणारच असेल, तर तीन दातांचा ब्रिज दहा-पंधरा हजारांपासून होतो आणि दोन-तीन आठवड्यांत काम संपतं. शेजारचे दात निरोगी असतील, तर ब्रिजसाठी ते कायमचे घासावे लागतात. चांगले दोन दात खर्ची घालून तिसरा उभा करणं हे महाग पडतं, बिलात ते दिसलं नाही तरी.

सगळे दात गेलेल्यांचा प्रश्न निराळा. आजीची खालची कवळी बोलताना उचलली जाते, भाकरी चावताना सरकते, आणि शेवटी ती पाण्याच्या वाटीतच राहते. अशा ठिकाणी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवतात आणि कवळीला आतून टिचबटणासारखे खटके लावतात. कवळी टक्‌ करून बसते, रात्री काढून धुता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या बिनदाती जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी, असं एकमतानं म्हटलं होतं. आपल्याकडे मात्र हा मधला पर्याय फार कमी वेळा पुढे ठेवला जातो. एकदम ‘पूर्ण फिक्स’ची, एका जबड्याला चार किंवा सहा स्क्रूंची बोलणी होतात आणि आकडा दीड-दोन लाखांच्या पुढे सरकतो. ज्याची ऐपत आहे, हाड आहे, त्यानं जरूर करावं. पण दोन स्क्रूंच्या कवळीवर आजी पुन्हा भाकरी चावू लागते, हे कुणीतरी तिच्या मुलाला सांगायला हवं.

‘तीन दिवसांत फिक्स दात’ अशा जाहिराती दिसतात. त्यात बहुतेक वेळा एकसंध, लांब स्क्रू जबड्याच्या खोलवरच्या कठीण हाडात रोवतात आणि लगेच दात जोडतात. हाड फार झिजलेल्या काही रुग्णांत, अनुभवी हातांनी, याचा उपयोग होतो. पण एकसंध स्क्रूचा वरचा भाग सुटा करता येत नाही, आणि बिघाड झाला तर उपाय अवघड होतात. आत्ताचे तीन-चार महिने वाचवायचे की पुढची पंधरा वर्षं, हा विचार डॉक्टरांसमोर बसून, दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचंही मत घेऊन करावा.

आणि मिश्री. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटानं हिरड्यांवर घासायची सवय पुणे जिल्ह्यातल्या गावांत, विशेषतः बायकांमध्ये, अजून आहे. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, की त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं असतं. निकोटिननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट अपयशी ठरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतं. मधुमेह काबूत नसेल, तरीही हाड नीट धरत नाही. तीन महिन्यांची साखर आधी तपासून घ्यावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर तेही आवर्जून सांगावं. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट टिकलेले असतात. मिश्री लपवली, की त्या पंचाण्णवात आपण असण्याची शक्यता कमी होते.

केडगावच्या माणसाच्या बिलात आणखी एक रकाना असतो, तो कुणी छापत नाही: फेऱ्यांचा. तपासणी, स्कॅन, शस्त्रक्रिया, टाके काढणं, हिरडी उघडून टोपण बसवणं, माप, कॅप. सहा-सात फेऱ्या सहज होतात. पुण्याला रेल्वेनं जायचं, तर प्रत्येक फेरीला दिवस मोडतो आणि रोजंदारीवरच्या माणसाचा रोज बुडतो. म्हणून शस्त्रक्रिया पुण्यात आणि टाके, सफाई, पाहणी गावाजवळच्या दंतवैद्यांकडे, अशी वाटणी दोन्ही डॉक्टरांशी बोलून करता येते का, हे आधीच विचारावं. पैशांची ओढाताण असेल, तर दंत महाविद्यालयांची रुग्णालयं पाहावीत. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील अशी महाविद्यालयं आहेत. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खासगीपेक्षा खर्च साधारणतः कमी येतो, वेळ जास्त लागतो. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अपघाताशिवायच्या दातांच्या कामाला बहुधा पैसे मिळत नाहीत, तेव्हा पॉलिसीच्या भरवशावर तारीख घेऊ नये.

कॅप बसली, आरशात बघून झालं, की डॉक्टर एक गोष्ट सांगतात आणि ती बहुतेकजण कानामागे टाकतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. दगडाचा कण दाताखाली आला, की तीच आपल्याला थांबवते. इम्प्लांटला ती गादी नाही. तो थेट हाडात रोवलेला असतो, त्याला जोर कळत नाही, आणि जास्तीचा सगळा ताण त्या इवल्याशा जोडावर येतो. कांडं दातांनी सोलायचं बंद. कोयत्यानं साल काढायची, बोटभर करवे करायचे, आणि ते चावून खायचे. दोन वेळा ब्रश, स्क्रूच्या कडेनं बारीक ब्रश वेगळा, आणि दर सहा महिन्यांनी ती लेबल लावलेली फाइल घेऊन तपासणीला.